फेणी भट्टी पर्यटन

फेणी भट्टी पर्यटन म्हणजे गोवा राज्यातील काजू फेणीच्या पारंपरिक भट्ट्यांना प्रवाशांनी दिलेली भेट, तसेच अशा भेटींभोवती उभे राहिलेले मार्गदर्शित फेऱ्या, चाखणी व संग्रहालये यांचे क्षेत्र होय. काजूच्या बोंडूचा रस आंबवून व त्याचे ऊर्ध्वपातन करून फेणी हे मद्य तयार केले जाते. फेणी वर्षभर विकली जात असली तरी काजूची भट्टी वर्षातून केवळ उन्हाळ्याच्या काही आठवड्यांतच पेटलेली असते. त्यामुळे भट्टीला दिलेली भेट ही मुळात एका हंगामी कामाच्या जागेला दिलेली भेट असते.

काजूच्या बागा आणि भट्ट्या प्रामुख्याने सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, केपे, धारबांदोडा व काणकोण या डोंगराळ तालुक्यांत आढळतात. गोव्याला येणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांचा ओघ किनारपट्टीकडे असतो. भट्टी पाहण्यासाठी मात्र किनारा सोडून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे जावे लागते. दक्षिण गोव्याच्या किनारी गावांत माडाच्या सुरीपासूनही फेणी बनवली जाते. ती परंपरा काजू फेणीहून जुनी मानली जाते, मात्र तिची साधने व कारागीर वेगळे आहेत.

नाव आणि संज्ञा

फेणी हा शब्द संस्कृतातील ‘फेन’, म्हणजे फेस, या शब्दाशी जोडला जातो. कोकणी भाषेतही फेसाला ‘फेण’ म्हणतात. चांगले मद्य बाटलीत हलवले किंवा उंचावरून पेल्यात ओतले असता त्यावर बुडबुड्यांची कडी धरते. बुडबुडे किती मोठे आहेत आणि किती वेळ टिकतात यावरून अनुभवी भट्टीकार मद्याच्या तीव्रतेचा अंदाज बांधतात. मापनासाठी तरंगमापी वापरला जातो व त्यावरील अंशाला ‘ग्राव’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे.

भट्टीवर कानी पडणाऱ्या संज्ञांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत:

बोंडू : काजूचे रसाळ, पिवळे किंवा तांबडे फळ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो फुगलेला देठ असून खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी होय.

कोळंबी : बोंडू तुडवण्यासाठी जांभ्या दगडात कोरलेली अथवा बांधून काढलेली उतरती कुंडी.

नीरो : तुडवलेल्या चोथ्यावर वजन ठेवल्यावर पाझरणारा स्वच्छ, गोड रस. तो न आंबवता पेय म्हणून प्यायला जातो.

कोडें : रस आंबवण्यासाठी वापरले जाणारे मोठे मातीचे मडके.

भाण : चुलीवर चढवलेले ऊर्ध्वपातनाचे भांडे.

लावणी : वाफ थंड होऊन मद्य जमा होते ते भांडे.

हुर्राक : पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे सौम्य मद्य. याला उर्राक असेही म्हणतात.

गराफांव : फेणी साठवण्याचा मोठा, फुगीर काचेचा बुधला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

काजूचे झाड मूळचे ईशान्य ब्राझीलमधील आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. उतारावरील माती धरून ठेवण्यासाठी हे झाड लावले गेले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. जांभ्या दगडाच्या निकृष्ट जमिनीत आणि फारशा निगेविना वाढणारे हे झाड गोव्याच्या डोंगरउतारांवर लवकरच रुळले.

झाड परदेशी असले तरी त्याच्या रसाचे मद्य बनवण्याची कला येथे पूर्वीच अवगत होती. माडाची सूर काढणारे रेंदेर तिचे किण्वन व ऊर्ध्वपातन करत असत. तीच पद्धत बोंडूच्या रसाला लागू करण्यात आली व त्यातून काजू फेणी उदयास आली. परदेशातून आलेले फळ आणि स्थानिक कारागिरी यांचा हा संयोग फेणीच्या इतिहासातील महत्त्वाची बाब आहे.

मद्यावरील कर हा गोव्यात दीर्घकाळ संवेदनशील विषय राहिला आहे. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज तहानंतर ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीवर अबकारी व्यवस्था गोव्यातही आणण्यात आली व तिचा भार सूर काढणाऱ्यांवर पडला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर १९६४ च्या अबकारी शुल्क कायद्याने मद्यनिर्मितीचे नियमन होऊ लागले. भट्ट्यांचे परवाने आजही या कायद्याच्या चौकटीत दिले जातात.

भट्टीची जागा व रचना

बोंडू अत्यंत नाशवंत असतो. झाडावरून पडल्यानंतर एका दिवसातच तो खराब होऊ लागतो व त्याची वाहतूक करणे अवघड ठरते. त्यामुळे फळ भट्टीकडे नेण्याऐवजी भट्टीच फळाजवळ उभारली जाते. ती बहुधा बागेच्या पायथ्याशी, ओहोळाच्या किंवा विहिरीच्या आसऱ्याने असते, कारण वाफ थंड करण्यासाठी सतत पाणी लागते.

पारंपरिक भट्टी ही पक्की इमारत नसते. माडाच्या झावळ्यांनी अथवा कौलांनी शाकारलेली उघडी माची, एका बाजूला कोळंबी, जमिनीत अर्धवट पुरलेली कोडी, मातीची चूल, तिच्यावर भाण आणि शेजारी पाण्यात बसवलेली लावणी एवढाच तिचा पसारा असतो. पावसाळ्यापूर्वी भांडी उतरवली जातात आणि छपर काढले जाते किंवा तसेच सोडले जाते. पावसाळ्यानंतर त्या जागी गेलेल्या प्रवाशाला अनेकदा दगडातील कोळंबी आणि काळवंडलेली चूल एवढेच दिसते.

निर्मितीचे टप्पे

बोंडू गोळा करणे. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप गळून पडलेलेच फळ घेतले जाते, कारण कच्च्या फळात साखर कमी व तुरटपणा अधिक असतो. सकाळी लवकर बागेत फिरून, टोकाला अणकुचीदार खिळा बसवलेल्या काठीने फळ टोचून टोपलीत टाकण्याची पद्धत रूढ आहे. त्यानंतर पीळ देऊन बी वेगळी केली जाते. बी काजूगर उद्योगाकडे जाते आणि बोंडू भट्टीकडे. एकाच फळातून दोन स्वतंत्र उत्पन्ने मिळत असली तरी बागायतदाराचा हिशेब प्रामुख्याने बियांच्या भावावर अवलंबून असतो.

रस काढणे. बोंडू कोळंबीत टाकून पायांनी तुडवले जातात. कोळंबीच्या उतारामुळे रस एका तोंडातून खाली ठेवलेल्या भांड्यात वाहतो. उरलेल्या चोथ्याची ढेप करून ती वेलीने किंवा दोरीने आवळतात व तिच्यावर जड दगड ठेवतात. रात्रभर पाझरणारा नीरो पहाटे गोळा केला जातो. अनेक भट्ट्यांवर आता पायांची जागा हाताने फिरवायच्या किंवा विजेवर चालणाऱ्या चरकाने घेतली आहे.

आंबवणे. रस कोड्यांत भरून साधारण दोन ते तीन दिवस ठेवला जातो. त्यात यीस्ट अथवा साखर घातली जात नाही. फळाच्या सालीवर आणि भांड्यात असलेल्या नैसर्गिक सूक्ष्मजीवांमुळेच किण्वन होते. अर्धे जमिनीत पुरल्याने कोडे उन्हाळ्यातही तुलनेने थंड राहते. रसावर उठणारा फेस शमला की तो भाणात घालण्यास योग्य झाला असे मानतात. मातीच्या कोड्यांऐवजी प्लास्टिकची पिंपे वापरण्याचे प्रमाण मोठे आहे.

ऊर्ध्वपातन. आंबलेला रस भाणात भरून त्याचे तोंड बंद करतात व सांधे चिकणमातीने आणि कापडाने लिंपतात. चुलीत सरपण घालून मंद व सारखा जाळ ठेवला जातो. वाफ नळीवाटे लावणीत जाते. लावणीवर थंड पाणी ओतून किंवा ती पाण्याच्या कुंडीत ठेवून वाफेचे द्रवात रूपांतर केले जाते. पूर्वी भाण मातीचे असे, आता ते बहुधा तांब्याचे असते. काही ठिकाणी लावणीऐवजी पाण्याच्या टाकीतून नेलेली तांब्याची वेटोळी नळी वापरली जाते. जाळ वाढला तर रस करपतो किंवा उसळून नळीत शिरतो. त्यामुळे चुलीपाशी बसलेल्या माणसाची नजर आणि अनुभव यांना या टप्प्यात विशेष महत्त्व असते.

पहिल्या फेरीत हुर्राक मिळतो. त्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असते. हुर्राक आणि ताजा आंबलेला रस एकत्र करून पुन्हा ऊर्ध्वपातन केले की अधिक तीव्र मद्य मिळते. जुन्या पद्धतीत दुसऱ्या फेरीतील मद्याला काझुलो व तिसऱ्या फेरीतील मद्याला फेणी म्हणत. सध्या बहुतेक भट्ट्यांवर दुसऱ्या फेरीतच फेणी तयार केली जाते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण ४० ते ४५ टक्के असते.

साठवण. फेणी पारंपरिकरीत्या लाकडी पिंपात नव्हे, तर काचेच्या गराफांवात ठेवली जाते. त्यामुळे ती रंगहीन राहते व फळाचा उग्र सुगंध टिकून राहतो. अनेक गोमंतकीय घरांत एखाद्या चांगल्या हंगामाची फेणी राखून ठेवण्याची प्रथा आहे. दुकशिरीची मुळे, जिरे किंवा आले घालून स्वाद दिलेली फेणीही प्रचारात आहे. सर्दी, पडसे किंवा अंगदुखीवर घरगुती उपाय म्हणून थोडी फेणी वापरण्याचा प्रघात जुना असला तरी तो लोकसमजुतीचा भाग आहे.

हंगाम

काजूचा हंगाम हवामानानुसार फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये सुरू होतो व मे महिन्यात पावसाच्या चाहुलीसरशी संपतो. मार्च व एप्रिल हा काळ भट्टी पाहण्यास सर्वात योग्य ठरतो. या दिवसांत बोंडू गोळा करण्यापासून ऊर्ध्वपातनापर्यंतचे सर्व टप्पे एकाच वेळी चालू असतात.

हुर्राक फार काळ टिकत नाही व त्याची चव लवकर उतरते. त्यामुळे तो हंगामातच, लिंबू, मीठ, हिरवी मिरची व सोडा किंवा लिंबाचे शीतपेय यांसह प्यायला जातो. गोव्यात हुर्राक मिळू लागणे हे उन्हाळा सुरू झाल्याचे लक्षण समजले जाते. गोव्याचा पर्यटन हंगाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा आहे. बहुतांश पर्यटक परतल्यानंतर भट्ट्या पेटतात, ही फेणी पर्यटनापुढील मूलभूत अडचण आहे.

परवाने व लिलाव

काजूच्या मोसमापूर्वी अबकारी खात्यातर्फे काजू क्षेत्रांचा विभागवार लिलाव करण्याची पद्धत आहे. बोली जिंकणाऱ्यास त्या विभागातील बोंडूपासून हंगामापुरते मद्य गाळण्याचा हक्क मिळतो. भट्टीसाठी स्वतंत्र परवाना व शुल्क असते. वन विकास महामंडळाच्या ताब्यातील काजू लागवडीही कंत्राटाने दिल्या जातात.

या पद्धतीमुळे बागेचा मालक, बोली घेणारा आणि प्रत्यक्ष भट्टी लावणारा या तीन वेगवेगळ्या व्यक्ती असू शकतात. भट्टीवरील काम बहुधा एका कुटुंबाच्या श्रमावर चालते. बोंडू वेचण्यात स्त्रियांचा वाटा मोठा असतो, तर चुलीचे व भाणाचे काम प्रामुख्याने पुरुष करतात. हंगामाच्या काळात अनेक कुटुंबे भट्टीजवळच मुक्काम करतात.

कायदेशीर दर्जा व भौगोलिक मानांकन

२००९ मध्ये काजू फेणीची भौगोलिक मानांकन नोंदणी झाली. असे मानांकन मिळवणारे ते भारतातील पहिले मद्य ठरले. या नोंदणीमुळे गोव्याबाहेर बनवलेल्या मद्यास काजू फेणी हे नाव वापरता येत नाही. माडाची फेणी या नोंदणीत समाविष्ट नव्हती.

मानांकनानंतरही अबकारी वर्गीकरणात फेणीची गणना ‘देशी दारू’मध्येच होत होती. इतर राज्यांत देशी दारूच्या विक्रीवर निर्बंध असल्याने गोव्याबाहेर तिची बाजारपेठ वाढू शकली नाही. २०१६ मध्ये गोवा विधानसभेने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून काजू व माडाच्या फेणीला राज्याचे वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. २०२१ मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र फेणी धोरण जाहीर केले.

या तरतुदी पेयाचे नाव, उगम व प्रतिष्ठा यांचे रक्षण करतात. भट्टीच्या जुन्या रूपाचे रक्षण त्यांतून आपोआप होत नाही. पायांनी तुडवलेला रस, मातीची कोडी किंवा लाकडाचा जाळ यांशिवाय बनलेली फेणीही फेणीच असते. त्यामुळे भट्टीची पारंपरिक पद्धत टिकवण्याचा प्रश्न पेयाच्या मानांकनापासून वेगळा राहतो.

पर्यटन

अनौपचारिक भेटी

सर्वात जुना प्रकार म्हणजे ओळखीने दिलेली भेट. गावातील नातेवाईक, घरमालक अथवा वाहनचालक यांच्या माध्यमातून प्रवासी भट्टीवर पोहोचतो. अशा ठिकाणी प्रवेशशुल्क, वेळापत्रक किंवा माहितीफलक नसतो. पाहुण्यास नीरो देण्याची रीत आहे, आणि भट्टी चालू असल्यास लावणीतून नुकताच काढलेला कोमट हुर्राक चाखायला मिळतो. काम सुरू असताना भट्टीकार फारसा बोलत नाही. रात्रपाळीचा जाळ, पाणी भरणे आणि पुढच्या रसाची तयारी यांत त्याचा दिवस जातो.

आयोजित फेऱ्या

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून फेणी उत्पादक व स्थानिक पर्यटन संस्थांनी काजूबागेतील पायी फेरी, बोंडू वेचणे व तुडवणे, भट्टीचे दर्शन, मार्गदर्शित चाखणी आणि गोमंतकीय जेवण असा एकत्रित कार्यक्रम देण्यास सुरुवात केली. दक्षिण गोव्यातील कासांवली येथील ‘फझेंदा काझुलो’ येथे गराफांवांनी भरलेले तळघर व फेणीची चाखणी हे आकर्षण आहे. सत्तरी व सांगे परिसरात मसाल्यांच्या बागांच्या सहलीला जोडूनही भट्टी दाखवली जाते. हंगामाबाहेर येणाऱ्या पर्यटकांसाठी काही ठिकाणी रिकाम्या भट्टीवर प्रक्रियेचे केवळ प्रात्यक्षिक दिले जाते.

संग्रहालय व महोत्सव

बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे २०२१ मध्ये ‘ऑल अबाउट अल्कोहोल’ हे खासगी संग्रहालय सुरू झाले. त्यात जुने गराफांव, मापे, पेले व भट्टीची भांडी मांडलेली आहेत. एप्रिल २०२३ मध्ये पणजी येथे गोवा वन विकास महामंडळाच्या पुढाकाराने काजू महोत्सव भरवण्यात आला. त्यात काजूगरासोबत बोंडू, नीरो, हुर्राक व फेणी यांनाही स्थान होते.

संकेत

भट्टी ही प्रदर्शनाची नव्हे, तर कामाची जागा असल्याने काही संकेत पाळले जातात. कोळंबीत उतरण्यापूर्वी पाय स्वच्छ धुतले जातात. उकळत्या भाणाला, लिंपलेल्या सांध्यांना व नळीला हात लावला जात नाही. भाणातून प्रथम बाहेर पडणारा अंश पिण्यासाठी वापरत नाहीत, म्हणून चाखण्यासाठी भट्टीकाराने दिलेलेच मद्य घेतले जाते. काम करणाऱ्यांची छायाचित्रे विचारून घेणे अपेक्षित असते. ओळखीच्या भट्टीवर चाखणीचे पैसे बहुधा मागितले जात नाहीत. पाहुण्याने जाताना एखादी बाटली विकत घेणे हाच त्याचा रूढ मोबदला होय.

परंपरेपुढील प्रश्न

पारंपरिक भट्ट्यांपुढे अनेक अडचणी आहेत. बोंडू वेचणे व भट्टीचा जाळ सांभाळणे ही कष्टाची आणि केवळ काही आठवडे चालणारी कामे असल्याने पुढील पिढी नोकरी किंवा किनारपट्टीवरील व्यवसायांकडे वळते. काजूबियांचा भाव पडला की बागेची निगा कमी होते व बोंडूही कमी मिळतो. अवकाळी पाऊस व वाढते तापमान यांचा मोहोरावर परिणाम होतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात लागलेल्या वणव्यांची झळ सत्तरी तालुक्यातील बागायती भागालाही बसली.

भेसळ हा दुसरा प्रश्न आहे. स्वस्त मद्यार्कात कृत्रिम सुगंध मिसळून फेणी म्हणून विकल्याच्या तक्रारी वारंवार होत असतात. अशा मालाच्या किमतीशी भट्टीवरील फेणी स्पर्धा करू शकत नाही. या बाबतीत भट्टी पर्यटनाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. ज्याने बोंडू, रस, जाळ व धार हे चारही टप्पे स्वतः पाहिले आहेत, अशा ग्राहकाला मूळ फेणीची किंमत अधिक का, हे वेगळे सांगावे लागत नाही. तसेच भट्टीकाराला मध्यस्थाविना थेट विक्री करता येते.

दुसऱ्या बाजूने, पर्यटनामुळे भट्टीचे स्वरूपही बदलते. पाहुण्यांसाठी पायांनी तुडवणे व मातीची भांडी दाखवायची आणि विक्रीचे उत्पादन यंत्राने करायचे, अशी दुहेरी व्यवस्था काही ठिकाणी निर्माण झाली आहे. यंत्र व तांब्याचे भांडे यांमुळे श्रम वाचतात, भांडी फुटत नाहीत आणि स्वच्छता राखणे सोपे होते, हे भट्टीकारांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जुन्या साधनांचा आग्रह पाहुण्याचा असला तरी त्यांचे कष्ट भट्टीकाराच्या वाट्याला येतात. म्हणून पारंपरिक पद्धतीने गाळलेल्या फेणीला वेगळी व अधिक किंमत मिळणे हा तिच्या टिकण्याचा निकष ठरतो.

महाराष्ट्राशी संबंध

गोव्याला लागून असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग, सावंतवाडी व वेंगुर्ला तालुक्यांत काजूचे मोठे उत्पादन होते. वेंगुर्ला येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून तेथे विकसित झालेल्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जाती कोकणात व गोव्यातही लावल्या जातात. मात्र महाराष्ट्रात बोंडूपासून मद्य गाळण्याची गोव्यासारखी परवानाव्यवस्था रुजली नाही. परिणामी सिंधुदुर्गात बी घेतल्यावर बोंडूचा मोठा भाग बागेतच कुजून जातो. एकाच डोंगररांगेच्या दोन उतारांवर एकाच फळाला मिळणारी ही भिन्न वागणूक मुख्यतः कायद्यातील फरकाशी निगडित आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीने कायद्यातील हा फरक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास, वाहून नेण्यास व पिण्यास परवाना लागतो. गोव्यात खरेदी केलेली फेणी विनापरवाना महाराष्ट्रात आणल्यास कारवाई होऊ शकते. मुंबई–गोवा महामार्गावर बांद्याजवळ इन्सुली येथे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे.

महाराष्ट्रात मद्यनिर्मितीच्या स्थळांना भेट देण्याची प्रथा मुख्यतः नाशिक परिसरातील द्राक्षबागांमुळे रूढ झाली. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर तेथे वाइन उद्योग वाढला व त्यासोबत चाखणी कक्ष, निवास आणि द्राक्षतोडणीच्या सहली सुरू झाल्या. याउलट छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत, जिचा बजाजनगर हा प्रमुख निवासी भाग आहे, बिअरचे मोठे कारखाने असूनही ते पर्यटनस्थळ म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांची चर्चा प्रामुख्याने रोजगार, महसूल व पाणी या संदर्भांत होते. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र दुष्काळाच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाणीपुरवठ्यात प्रथम ५० टक्के व नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता. काजूच्या भट्टीत मद्याचा सर्व द्रवांश बोंडूच्या रसातूनच येतो. पाणी लागते ते वाफ थंड करण्यापुरते व भांडी धुण्यापुरते.

जपानी साकेगृहांशी तुलना

पारंपरिक मद्यनिर्मितीच्या जागा प्रवाशांसाठी खुल्या करण्याच्या संदर्भात जपानमधील साकेगृहांचा दाखला अनेकदा दिला जातो. तांदूळ, पाणी व ‘कोजी’ नावाची बुरशी यांपासून साके बनते. कोबे परिसरातील नादा, क्योतोमधील फुशिमी आणि हिरोशिमा प्रांतातील साइजो ही त्याची प्रसिद्ध केंद्रे असून तेथे एकमेकांलगतची साकेगृहे पायी फिरून पाहता येतात. नवीन साके तयार झाल्याची खूण म्हणून दारावर देवदारसदृश ‘सुगी’ वृक्षाच्या हिरव्या डहाळ्यांचा गोळा टांगतात. काळानुसार तो तपकिरी होत जातो व आतील साके मुरत असल्याचे सूचित करतो. भेटीपूर्वी ‘नात्तो’ हे आंबवलेले सोयाबीन न खाण्याची सूचना पाहुण्यांना दिली जाते, कारण त्यातील जिवाणू कोजीच्या वाढीस बाधक ठरू शकतात.

दोन्ही परंपरांत हंगामाचे बंधन समान आहे. साके पारंपरिकरीत्या थंडीत, तर फेणी उन्हाळ्यात बनते. साकेगृहातील ‘तोजी’ हा मुख्य कारागीर आणि भट्टीकार यांचे ज्ञानही मुख्यतः अनुभवातून पुढे जाते. तंत्राच्या दृष्टीने मात्र दोहोंत फरक आहे. साके हे केवळ आंबवलेले पेय असून त्याचे ऊर्ध्वपातन होत नाही. त्या अर्थाने फेणीचे साम्य जपानमधील शोचू आणि ओकिनावा बेटांवरील मातीच्या रांजणात मुरवलेली आवामोरी यांच्याशी अधिक आहे.

संरक्षणाच्या दृष्टीनेही हे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते. जपानने २०१५ मध्ये ‘निहोनशू’ या नावास भौगोलिक मानांकन दिले व डिसेंबर २०२४ मध्ये कोजीच्या साहाय्याने साके बनवण्याच्या पारंपरिक ज्ञान व कौशल्यांचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. यातील पहिला निर्णय पेयाच्या नावाशी, तर दुसरा ते बनवणाऱ्यांच्या कौशल्याशी संबंधित आहे. काजू फेणीला भौगोलिक मानांकन व वारसा मद्याचा दर्जा मिळाला आहे. भट्टीवरील कौशल्याचे जतन मात्र अद्याप प्रामुख्याने भट्टी लावणारी कुटुंबे आणि त्यांची फेणी विकत घेणारे ग्राहक यांच्यावरच अवलंबून आहे.